पाठ कोणी पाहिली?

नागपूर,
३ एप्रिल २०२५

ती. आत्याबाई,
नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. शिवाय फोनचा मला सध्या इतका वीट आलाय की तो हातात धरावासा वाटत नाही. का ते पुढे कळेलच.

परवा सकाळी आमच्या पुरुषांच्या वॉर्डात तमाशा झाला, आणि तो मीच केला. मौद्याकडचे कवडूजी म्हणून एक पेशंट आहेत. लकव्यानं उजवी बाजू गेली, वाचा गेली, वजन ऐंशीच्या घरात. त्यांना स्वतःला कूस बदलता येत नाही. दर दोन तासांनी ती आपण बदलायची, आणि बदलली की खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या चार्टवर टिक करून सही करायची. परवा सकाळी ड्युटी बदलताना ओव्हर घ्यायला त्यांच्या खाटेपाशी गेले, तर वास. तू तीस वर्षं ह्या वासात काढलीस, तुला वेगळं सांगायला नको. पायजमा खाली सरकवला. माकडहाडावर तळहाताएवढी कातडी गेलेली, कडा काळ्या, मध्ये पिवळं पाणी, आणि चादर त्याला चिकटलेली. चादर सोडवताना त्या मुक्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आवाज नाही, नुसतं पाणी.

ड्युटीवर शामला होती. कंत्राटी आहे, कळमेश्वरहून बसनं येते. आदल्या दिवशी ईदची सुट्टी, रात्रीची सिस्टर आली नाही म्हणून तिला दोन ड्युट्या जोडून दिल्या होत्या. म्हणजे दुपारी दोनपासून सकाळपर्यंत माणूस तिच्याच ताब्यात. माझं डोकं फिरलं. सगळ्या वॉर्डासमोर मी ओरडले, "काहून वं शामला, हात तरी लावला का तू याले? की खुर्चीवर बसूनच टिका मारल्या?"

ती चार्ट माझ्या अंगावर फेकून म्हणाली, "मले काय विचारून राहिली? वाचता येते नं तुले? वाच मंग."

कोणीतरी ह्याचं शूटिंग केलं. दुपारपर्यंत ते आमच्या ग्रुपवर, संध्याकाळपर्यंत ट्रस्टींच्या फोनवर. आता आमच्या मेट्रन मधुवंती मॅडम म्हणतात की आठ तारखेला दर्जा तपासणीवाले येणार, त्यानंतर लगेच समेटाची बैठक घेऊ. जखमेबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शूटिंगमध्ये मागची भिंत मळकी दिसते, तिला रंग द्यायला मात्र माणूस आला.

मला किळस आली आहे, आत्या. त्या जखमेची नाही, ती मी धुतली. माणसांची. तू तुझ्या काळात सिस्टरांची एवढी भांडणं मिटवलीस. मी काय करू?

तुझी,
धनश्री

—

उमरेड,
९ एप्रिल २०२५

चि. धनश्री,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. पोस्टमन नत्थू मला म्हणाला, "बाई, बिल सोडून काही आणून राहिलो तुमच्याकडे, पाच वर्षांत पहिल्यांदा." तेव्हा लिहीत जा.

भांडणाचं औषध तुला ठाऊक आहे. तुझ्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून ती गोष्ट मी तुला सांगत आले. उत्तरा आणि चंद्रकला, माझ्या हाताखालच्या दोघी. एका इंजेक्शनवरून अशा जुंपल्या की पेशंट उठून बसले. मी कोणालाच रागावले नाही. म्हटलं, दोघींनी मिळून सगळ्या चोवीस खाटा करायच्या, एकीनं इकडून, एकीनं तिकडून. चादर दोन्हीकडून सारखी ओढल्याशिवाय ताठ बसत नाही, आणि सारखी ओढायची तर समोरचीकडे बघावं लागतं. बाराव्या खाटेला बोलायला लागल्या. सिव्हिल सर्जन साहेबांनी बैठकीत माझं उदाहरण दिलं होतं. तुझ्या बाबानं, जागेश्वरनं, मागावर विणलेली चादर मी त्या दिवशी चोविसाव्या खाटेवर घालायला दिली होती, हे तुला माहीत नसेल.

पण तुझी शामला ह्या औषधानं बरी होणारी दिसत नाही. कामचोर ती कामचोरच. कंत्राटी माणसाला दवाखाना आपला वाटत नाही, येतात नि जातात. तू तोंडानं भांडलीस ही तुझी चूक. तोंडाचं शूटिंग होतं, कागदाचं होत नाही. सरळ कागद कर. तारीख, वेळ, नाव. आमच्या इन्चार्ज बाई म्हणायच्या, सिस्टरनं दोनच गोष्टी जपाव्या, आपली कंबर आणि आपला कागद.

जखम रोज दोनदा धुवा, कोरडी ठेवा, हवेची गादी मिळते का बघ. एक सहज विचारते. बेडसोर काही एका रात्रीत होत नाही. आधी लाल होतं, मग निळसर, मग काळं, मग फुटतं. तीन दिवस तरी जातात. सकाळी स्पंजनं अंग पुसताना पाठ कोणी पाहत होतं? तेही कागदात घाल.

इथे ऊन चढलं. येशील तेव्हा गांधीबागेतून सुती चादरी आण दोन, पॉलिस्टर नको.

तुझी आत्या,
पुष्पलता

—

नागपूर,
१८ एप्रिल २०२५

ती. आत्याबाई,
नमस्कार.

तपासणी झाली. आमच्या वॉर्डाचे चार्ट पाहून ते लोक इतके खूश झाले की नमुना म्हणून फोटो काढून घेऊन गेले. कवडूजींची खाट त्या दिवशी पडद्यामागे होती. पडदा नवीन आहे, फिका हिरवा, छान दिसतो.

मग समेट झाला. तू असतीस तर चप्पल काढली असतीस. पुण्याहून ऋषिकेश सर म्हणून कोणी आले होते, कर्मचाऱ्यांचे वाद सोडवणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी आम्हा चौदा जणींना गोल बसवलं आणि हातात लोकरीचा गुंडा दिला. एकीनं दुसरीबद्दल एक चांगली गोष्ट बोलायची आणि धागा धरून गुंडा तिच्याकडे फेकायचा. शेवटी जाळं तयार होतं, ते म्हणे आपलं नातं. मी विणकराची पोर, आत्या. बाबांच्या मागावर ताण्याचा एक धागा तुटला तरी माग थांबायचा, धागा सांधल्याशिवाय पुढे एक बोट विणायचे नाहीत. आणि इथे चौदा बायका मांडीवर गुंता घेऊन हसून राहिल्या होत्या.

माझ्याकडून गुंडा शामलाकडे जायचा होता. मी म्हटलं, "शामला वेळेवर येते." तिनं झेलला, आणि मला परत फेकत म्हणाली, "धनश्री सिस्टरचं अक्षर लय चांगलं आहे. चार्ट भरते तं पाहतच राहावं वाटते." सगळ्या हसल्या. सरांनी टाळी वाजवली.

मग मिठी. "मनापासून, मनापासून," सर सांगत होते. शामलाच्या अंगाला घामाचा आणि बसच्या डिझेलचा वास होता, आणि ती माझ्या मिठीत लाकडासारखी उभी होती. फोटो झाला. समोसे आले. समोशाच्या तेलकट बोटांनी सगळ्यांनी एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या. त्याच पाठीमागे चार दिवसांपूर्वी ग्रुपवर काय काय लिहिलं होतं ते मी वाचलंय. भिंतीवर आता तो फोटो लागलाय, खाली लिहिलंय, 'आम्ही एक कुटुंब'.

दारातून निघताना मॅडमनी मला बाजूला घेतलं. "हे बघा धनश्री, आपल्याला वातावरण चांगलं ठेवायचंय. शामलाचं कंत्राट तीस तारखेला संपतंय. ते पुढे वाढवायचं नाही, एवढंच. कोणावर ठपका नाही, गाजावाजा नाही. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या." मिठी मारायला लावल्याला दहा मिनिटं झाली नव्हती. शामलाच्या नवऱ्याचं काम दिवाळीपासून बंद आहे, दोन मुली शाळेत आहेत, हे मॅडमना माहीत आहे. मलाही आहे.

तू सांगितलंस तसा मी कागद केला. '३१ मार्चच्या दुपारी दोनपासून १ एप्रिलच्या सकाळी आठपर्यंत सदर रुग्ण शामला यांच्या देखरेखीखाली होते.' ह्यात खोटं एक अक्षर नाही.

कवडूजींची मुलगी भारती रोज मौद्याहून येते. काल माझ्यासाठी सांबारवडी घेऊन आली. म्हणाली, "सिस्टर, तुमीच तेवढ्या माझ्या बापासाठी भांडल्या. बाकीच्यायले तं मानूस काय नि लाकूड काय." मी तिच्यासमोर एक वडी खाल्ली, आणि बाथरूममध्ये जाऊन सगळी ओकले. ऊन फार आहे यंदा.

चादरी घेतल्या आहेत.

तुझी,
धनश्री

—

उमरेड,
२३ एप्रिल २०२५

चि. धनश्री,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. समोशाचं वाचलं, मिठीचं वाचलं, त्या गुंड्याचं वाचून हसले पण. मी विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र कुठे सापडलं नाही. तीस वर्षं ओव्हर घेतली आहे पोरी. सिस्टर ज्या पेशंटबद्दल भरभर बोलून पुढच्या खाटेकडे जाते, त्याचीच चादर आधी वर करून बघायची असते. माझे कान गेले, ही सवय नाही गेली.

सकाळची ड्युटी तुझी. स्पंज सकाळी होतो. शनिवारी, पाडव्याला, ईदच्या दिवशी, पाठ कोणी पाहिली?

आता मी हे तुला विचारते आहे तर माझंही ऐक. दोन दिवस पेन घेऊन बसते नि उठते. परवा रागानं कैरीचं लोणचं घालायला घेतलं, तिखट जास्त पडलं.

उत्तरा आणि चंद्रकलाची गोष्ट मी तुला अर्धी सांगत आले. चुकीचं इंजेक्शन उत्तरानं दिलं होतं. पेशंट वाचला, पण हात गेला त्याचा. चंद्रकलानं ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर बोलली. उत्तराचे वडील जिल्हा परिषदेत, आणि मला इन्चार्ज होऊन दोन महिने झालेले. मी दोघींना चोवीस खाटा करायला लावल्या. बाराव्या खाटेला त्या बोलायला लागल्या हे खरं. चंद्रकला म्हणाली, "ठीक आहे, मीच चुकीचं पाहिलं." तेच बोलली ती. मी पडद्याआड उभी राहून ऐकलं आणि मला हायसं वाटलं.

पुढच्या महिन्यात तिनं बदली मागून घेतली, थेट चंद्रपूरच्या पलीकडे. नंतर नोकरी सोडली म्हणतात. कुठे आहे ते मला ठाऊक नाही, मी कधी विचारलं नाही. तिला गप्प केलं, त्यालाच मी भांडण मिटवणं म्हणत आले. आणि ती गोष्ट पेढ्यासारखी वाटत फिरले, लग्नात, बारशात, तुझ्या नर्सिंगच्या पहिल्या दिवशी. आज मला त्या गोष्टीची शिसारी येते. तुझ्या त्या ऋषिकेश सरांना हसायचा मला काही अधिकार नाही. त्यांनी लोकर वापरली, मी चादर.

कागद कर असं मी तुला सांगितलं होतं. तो सल्ला मागे घेते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि त्याच्याखाली आपल्या घरातल्या पोरीची सही, हे मला बघवणार नाही. तीस तारखेला अजून आठवडा आहे.

खरं असेल ते मला लिही. नसेल तर लिहूच नकोस, मी समजेन.

आत्या

—

नागपूर,
४ मे २०२५

ती. आत्याबाई,

पाठ मी पाहिली होती.

शनिवारी स्पंज करताना पाहिली. रुपयाएवढा लाल डाग होता. तो लिहिला असता तर वेगळा अहवाल भरावा लागला असता, आणि मॅडमनी बजावून ठेवलं होतं की तपासणी होईपर्यंत एकही अहवाल वर जाता कामा नये. ठरवलं, उद्या बघू. उद्या पाडवा होता. घरी गुढी उतरवायची होती, पाहुणे यायचे होते. ऐंशी किलोचा माणूस वळवायला दोघी लागतात, दुसरी कोणी मोकळी नव्हती, म्हणून छाती-पोट पुसलं आणि 'पाठीची काळजी घेतली' ह्या चौकटीत टिक केली. सोमवारी तर सकाळी आठ वाजता चहाच्या आधी मी दुपारी दोनपर्यंतच्या सगळ्या टिका एकदम मारल्या. आम्ही सगळ्याच मारतो. एका बैठकीत मारल्या की अक्षर सारखं येतं, तपासणीवाल्यांना आवडतं.

दोन वाजता शामला आली. अठ्ठावीस पेशंट आणि ती एकटी. मला म्हणाली, "दोन मिनिट थांबतं का वं? याची कूस बदलवू दोघी मिळून, पाठ पाहून घेतो." माझी पर्स खांद्यावर होती. मी म्हटलं, "आत्ताच बदलवली. टिक पाह्य ना."

आत्या, हे वाक्य मी महिनाभर कोणाला सांगितलं नाही. सकाळी त्या जखमेचा वास आला तेव्हा मला आधी तेच आठवलं, आणि मग मी शामलावर ओरडले. जेवढं आठवलं तेवढ्या जोरात ओरडले. ती म्हणाली, 'वाच मंग.' ती माझ्याच सह्या दाखवत होती, आणि एवढ्या बायकांत हे फक्त आम्हा दोघींनाच कळलं. तुला मी लिहिलं की किळस माणसांची आली. खरं म्हणजे ती माझीच होती.

तुझं पत्र सव्वीसला आलं. अठ्ठावीसला मी दुसरा कागद लिहून मॅडमकडे गेले. त्यांनी वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे सरकवला. "धनश्री, समेट झालाय. फोटो ट्रस्टींकडे गेलाय. आता हे उकरून कोणाचं भलं होणार आहे?" मी म्हटलं, शामलाचं. त्या म्हणाल्या, "ती कंत्राटी आहे. तुम्ही नाही." हे त्यांनी फार मायेनं सांगितलं. मी कागद उचलून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओव्हरच्या वेळी, सगळ्या सिस्टर कवडूजींच्या खाटेभोवती उभ्या असताना मी भारतीला बोलावलं आणि तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. शनिवारचा डाग, पाडवा, आठ वाजताच्या टिका, दोन वाजताचं वाक्य. वाचताना कवडूजी माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघून वाचू शकले नाही.

भारतीनं बापाच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "माह्या हातची वडी कशी पचली वं तुले?"

ह्याआधी ती मला 'तुमी' म्हणायची.

"पचली नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि ट्रस्टींच्या ऑफिसात गेली. आता कागदावर रुग्णाच्या घरच्यांची तक्रार आहे, त्यामुळे तो घडी घालून परत सरकवता येत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. मला मेमो मिळाला, चौकशी लागली आहे, बढतीच्या यादीतून नाव गेलं. चौकशीत शामलाची साक्ष लागणार म्हणून तिचं कंत्राट तीन महिने वाढवलं. तीनच महिने. ग्रुपवर माझ्याबद्दल काय लिहून राहिल्यात ते मी वाचत नाही. ज्या समोसे खाऊन पाठीवर थापा मारत होत्या, त्या आता मी आले की डबे उचलून दुसऱ्या टेबलावर जातात. त्यांना माझ्या खोटेपणाचा राग नाही, आत्या. मी सगळ्यांच्या टिका उघड्या पाडल्या ह्याचा आहे. काल एकीनं विचारलंच, "आता चार्ट काय खरे भरायचे का?"

काल दुपारी दोन वाजता शामला ड्युटीवर आली. मी पर्स कपाटातून काढली नव्हती. कवडूजींच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले. ती आली, पलीकडून उभी राहिली. महिनाभर मनात घोळवलेलं सगळं मी बोलायला लागले. "शामला, माझ्यामुळं तुझं, मी तुले..."

तिनं मला पुढे बोलू दिलं नाही. "माफीगिफी काही नको मले," ती म्हणाली. "तिकडून धर."

मी धरलं. दोघींनी मिळून त्यांना वळवलं. जखम थोडी भरते आहे, कडा आता गुलाबी दिसतात. चादर चुरगळली होती, ती तिनं तिकडून ओढली, मी इकडून. ती माझ्याकडे बघत नव्हती, तरी चादर ताठ बसली. मग मी सवयीनं चार्ट उचलला.

"आधी पाठ पाहून घे," शामला म्हणाली. "मंग लिही."

मी वाकून पुन्हा पाहिली, आणि मग लिहिलं.

तुझी,
धनश्री